शेवटचे प्रकरण कुणी बदलले?

ब्रिटिश विज्ञानकादंबऱ्या आणि त्यांच्यावर निघालेले चित्रपट यांच्याविषयी चटपटीत माहितीला तोटा नाही. १९६० च्या ‘द टाइम मशीन’मध्ये कालयंत्रावरच्या पट्टीवर निर्माता म्हणून एच. जॉर्ज वेल्स हे नाव कोरलेले दिसते. २००२ साली त्याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट निघाला, तेव्हा दिग्दर्शक होते वेल्स यांचे पणतू सायमन वेल्स. १९५६ च्या ‘१९८४’मध्ये नायकाचे काम करणाऱ्या नटाचेच आडनाव ओब्रायन होते आणि कादंबरीतल्या ओब्रायन या पात्राला पडद्यावर ओकॉनर हे नाव मिळाले. अशी माहिती ऐकायला बरी वाटते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. पण त्यातले काही तपशील नीट निवडून शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतून एक सलग इतिहास उभा राहतो. या कादंबऱ्या पडद्यावर नेताना कथेची जागा बदलली, काळ बदलला, नावे बदलली. पण अर्थाच्या दृष्टीने सर्वांत मोठे फेरफार झाले ते शेवटात, आणि बहुतेक वेळा ते एकाच दिशेने झाले. कादंबरीचा शेवट माणसाला या विश्वातली त्याची जागा दाखवून देतो. पडद्यावरचा शेवट कुणाच्या तरी पदरात विजय टाकतो. हा फरक सुखान्त आणि दुःखान्त यांच्यातला नाही. पडद्याला मरण चालते, बलिदान तर हवेच असते. त्याला सोसत नाही ते इतकेच, की माणसाने सारे काही करून पाहिले आणि निकाल मात्र त्याच्या हातात नव्हता.

मुळात हे शेवट इतके कठोर का होते, याचे उत्तर लेखकांच्या शिक्षणात सापडते. वेल्स १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि पहिल्याच वर्षी टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. डार्विनची बाजू हिरिरीने लढवणाऱ्या हक्सले यांनी उतारवयात, १८९३ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात, एक गोष्ट बजावून सांगितली होती: निसर्गाच्या प्रक्रियेला नीतीशी देणेघेणे नाही, आणि जो टिकतो तो श्रेष्ठ असतोच असे नाही. त्याच काळात भौतिकशास्त्रज्ञ सूर्याच्या उष्णतेचा हिशेब मांडत होते आणि तो कधीतरी विझणार असे सांगत होते. हे दोन्ही विचार पचवलेल्या तरुणाने कादंबऱ्या लिहायला घेतल्यावर त्यांत माणूस हा सृष्टीचा लाडका असणे शक्यच नव्हते. पुढच्या पिढ्यांमध्येही ही शिस्त टिकली. ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) लिहिणारे फ्रेड हॉईल, म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, हे तर पेशानेच खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या कादंबरीत सूर्यप्रकाश अडवणारा प्रचंड मेघ स्वतःच बुद्धिमान असतो. महासत्ता त्याच्यावर क्षेपणास्त्रे सोडतात, तो ती परत पाठवतो, आणि शेवटी निघून जातो तो त्याच्या स्वतःच्या कारणासाठी. माणसांच्या राजकारणाला त्यात काडीची किंमत नाही.

या परंपरेचा आरंभ १८९५ च्या ‘द टाइम मशीन’पासून धरला, तर शेवट बदलण्याचे ठळक उदाहरणही तिथेच मिळते. कादंबरीतला कालप्रवासी ८,०२,७०१ या सालात पोचतो, तेव्हा मानवजातीची दोन कुळे झालेली असतात. जमिनीवर बागडणारे नाजूक, निर्बुद्ध एलॉय, आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे व रात्री वर येऊन एलॉयांना खाणारे मॉरलॉक. ही फाटाफूट कशी झाली याचा कालप्रवाशाने लावलेला अर्थ सरळ आहे: मालक आणि मजूर यांच्यातली दरी हजारो वर्षे रुंदावत गेली आणि अखेर दोन प्राणिजाती झाल्या. ज्या वीनाशी त्याची माया जडते ती रानातल्या आगीत हरवते. तो आणखी पुढे, तीन कोटींहून अधिक वर्षांपलीकडे जातो, आणि लाल, फुगलेल्या सूर्याखाली जवळजवळ निर्जीव झालेल्या किनाऱ्यावर उभा राहतो. जॉर्ज पाल यांच्या १९६० च्या चित्रपटात वीना जगते. मानवजातीच्या फाटाफुटीचे कारण वर्गभेद राहत नाही, तर पूर्व आणि पश्चिम यांच्यात ३२६ वर्षे चाललेले युद्ध होते. थिजलेला किनारा गाळला जातो. आणि अखेरीस नायक घरातल्या कपाटातून तीन पुस्तके उचलून एलॉयांची संस्कृती पुन्हा उभारायला भविष्यात परततो. तिथे तो शिक्षक आणि सेनापती, दोन्ही असतो. चित्रपट मनापासून केलेला आहे, त्याला विशेष दृश्यांसाठी ऑस्करही मिळाले. पण कादंबरीने इंग्लंडच्या सुखवस्तू वाचकाला जो प्रश्न विचारला होता, की तुमच्या सुखाखाली आज कोण राबते आहे आणि उद्या त्याचे काय होईल, तो चित्रपटात उरला नाही. पणतवाच्या २००२ च्या चित्रपटातही नायक मॉरलॉकांचा नाश घडवून भविष्यात स्थायिक होतो. रक्ताच्या नात्यानेही मूळ शेवटाला संरक्षण मिळाले नाही.

तीसच्या दशकात वेल्स स्वतः हयात असतानाच हे घडू लागले होते. ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) मध्ये जनावरांवर शस्त्रक्रिया करून त्यांना माणसाचा आकार देणारा शास्त्रज्ञ त्याच्याच प्रयोगातल्या प्यूमाकडून मारला जातो. पण कादंबरीची खरी धार पुढे आहे. बेटावरून सुटलेला प्रेंडिक लंडनला येतो आणि रस्त्यावरच्या, प्रार्थनामंदिरातल्या, वाचनालयातल्या माणसांमध्ये त्याला तीच जनावरे दिसू लागतात. शेवटी तो माणसांपासून दूर राहून ताऱ्यांचा अभ्यास करतो. १९३२ च्या ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’मध्ये हा लंडनचा भागच नाही. नायक आपल्या वाग्दत्त वधूसह होडीतून सुटतो, मागे बेट जळत असते आणि त्याला मागे वळून न पाहण्याचा सल्ला दिला जातो. वेल्स यांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही. ब्रिटनच्या सेन्सॉरने क्रूरतेच्या कारणावरून तो १९५८ पर्यंत अडवून ठेवला. पण क्रूर दृश्यांपेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट, म्हणजे आपल्याच शहरातले जनावरपण, हॉलिवूडने आधीच काढून टाकली होती. पुढच्याच वर्षी जेम्स व्हेल यांनी ‘द इनव्हिजिबल मॅन’ काढला. कादंबरीतला ग्रिफिन अदृश्य होण्याआधीपासून स्वार्थी आणि निर्दय आहे. अदृश्यता त्याला फक्त मोकळे रान देते. चित्रपटात त्याचे वेड एका औषधावर ढकलले आहे आणि तो प्रेयसीजवळ पश्चात्ताप व्यक्त करत इस्पितळात मरतो. माणसातला दोष बाटलीत भरला, की बाटली फेकून देता येते.

या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’चे आहे, कारण तिथे शेवटचे वाक्य बदललेले नाही आणि तरीही अर्थ पूर्ण उलटला आहे. १८९७ मध्ये ‘पिअरसन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी लिहिताना वेल्स सरे परगण्यातल्या वोकिंगला राहत होते आणि सायकलवरून आसपासचा मुलूख हिंडत होते. मंगळावरचे पहिले नळकांडे त्यांनी तिथल्याच हॉर्सेल कॉमनवर उतरवले. पहिल्याच प्रकरणात निवेदक वाचकाला बजावतो, की मंगळवासीयांना क्रूर ठरवण्याआधी युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा केलेला संहार आठवा. साम्राज्याच्या ऐन भरात, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी, इंग्रज वाचकाला आक्रमण झालेल्यांच्या जागी उभे करणे हेच या कादंबरीचे काम होते. शेवटी मंगळवासी मरतात ते रोगजंतूंनी. निवेदक निर्मनुष्य लंडनमधून प्रिमरोझ हिलकडे निघतो तो जीव द्यायला, यंत्राच्या तोंडी जायला. जवळ गेल्यावर त्याला दिसते की पक्षी यंत्राच्या टोपातल्या मांसाचे लचके तोडत आहेत. तिथे तो म्हणतो, की माणसाचे सारे उपाय थकल्यावर, देवाने या पृथ्वीवर ठेवलेल्या सर्वांत क्षुद्र जीवांनी त्यांना मारले.

१९५३ मध्ये बायरन हॅस्किन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि जॉर्ज पाल यांनीच निर्मिलेल्या चित्रपटात हाच आशय सेड्रिक हार्डविक यांच्या निवेदनात शेवटी ऐकू येतो. फरक आहे तो वाक्याच्या भोवती काय मांडले आहे यात. कथा कॅलिफोर्नियात गेली आहे. आरंभी टास्मानियाचा उल्लेख नाही; त्याऐवजी चेस्ली बोनस्टेल यांनी रंगवलेल्या ग्रहांची सफर आहे. अणुबाँब टाकला जातो आणि तोही निकामी ठरतो. मग लॉस एंजेलिसमधली भेदरलेली माणसे चर्चमध्ये जमतात, प्रार्थना करतात, नायक एका चर्चमधून दुसऱ्यात नायिकेला शोधत फिरतो. ती भेटते आणि त्याच घटकेला बाहेर मंगळवासीयांचे यंत्र कोसळते. इथे कुणी म्हणेल, की देवाचा उल्लेख तर वेल्स यांच्याच वाक्यात होता, मग चित्रपटाने वेगळे काय केले? त्याचे उत्तर कादंबरीतल्या धर्मोपदेशकाकडे पाहिले की मिळते. वेल्स यांचा पाद्री संकटात हाय खातो, बडबडतो, अन्नाची उधळमाधळ करतो, आणि त्याच्या आरडाओरड्याने दोघांचा जीव जाईल या भीतीने निवेदक त्याला सुऱ्याच्या मुठीने खाली पाडतो. चित्रपटातला पाद्री बायबल हाती घेऊन शत्रूला शांतपणे सामोरा जातो आणि हुतात्मा होतो. कादंबरीत प्रार्थना आणि परिणाम यांचा काही संबंध नाही. जंतू लक्षावधी वर्षे आपले काम करत आलेले आहेत, आणि माणसाला प्रतिकारशक्ती मिळाली ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मृत्यूंच्या मोबदल्यात. चित्रपटात प्रार्थना आणि सुटका एकाच दृश्यात, एकापाठोपाठ एक येतात. जंतू तेच, वाक्य तेच. पण एका ठिकाणी माणसाला नम्र व्हायला सांगितले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला खात्री दिली आहे की तो निवडलेला आहे. २००५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी चर्च काढून टाकले आणि त्या जागी कुटुंब आणले. जंतू तिथेही आहेत, पण नायक एका यंत्राच्या आत हातबाँब फोडून स्वतःचा वाटा उचलतो आणि बॉस्टनला सारे घर एकत्र येते.

या टप्प्यावर सर्वांत वजनदार आक्षेप विचारात घ्यायला हवा. कादंबरी आणि चित्रपट ही वेगळी माध्यमे आहेत. दोन तास अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान हवे असते, आणि निवेदकाच्या मनातला विचार कॅमेऱ्याला टिपता येत नाही, तेव्हा बदल अटळ आहेत, असा हा आक्षेप. तो खरा असता तर पडद्यावर मूळ शेवट कधीच टिकला नसता. जॉन विंडम यांच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्‌स’चे (१९५१) दोन अवतार शेजारी ठेवून पाहावेत. कादंबरीत हिरव्या उल्कावर्षावाने जवळजवळ सारी मानवजात आंधळी होते, आणि तेलासाठी शेतात वाढवलेल्या चालत्या, विषारी वनस्पती मोकाट सुटतात. कादंबरीच्या अखेरीस काही डोळस आणि काही आंधळी माणसे आइल ऑफ वाइट बेटावर वसाहत करून राहतात. मुख्य भूमी परत मिळवण्याचे काम मुलानातवंडांवर सोपवलेले आहे. या संकटामागे माणसाचीच शस्त्रे आणि माणसाचाच लोभ असावा, अशी शंकाही निवेदक बोलून दाखवतो. १९६२ च्या चित्रपटात ट्रिफिड्‌स उल्कांबरोबर बाहेरून येतात, म्हणजे माणूस निर्दोष. आणि दीपगृहात अडकलेल्या जोडप्याला ऐन वेळी शोध लागतो, की समुद्राच्या पाण्याने त्या वनस्पती विरघळतात. चित्रपट लांबीला कमी पडल्यामुळे हा दीपगृहाचा भाग नंतर वेगळा चित्रित करून जोडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे सुटका कशी चिकटवली जाते ते दिसते. ब्रिटन हा चहूबाजूंनी समुद्र असलेला देश; शत्रू खाऱ्या पाण्याने मरणार असेल तर मग भीती कसली? उलट १९८१ मध्ये बीबीसीने सहा भागांची मालिका केली, जॉन ड्युटीन यांनी त्यात नायक बिल मेसनचे काम केले, आणि शेवट कादंबरीचाच ठेवला. मालिका साध्या साधनांनी बनवलेली होती, तरी आजही ती आवडीने आठवली जाते. तेव्हा जे जमले नाही ते माध्यमाला जमत नव्हते असे नाही. करणाऱ्यांना ते नको होते.

दुसरे एक उदाहरण माझ्या मांडणीच्या विरोधात जाते असे वाटेल, पण ते तिला अधिक नेमके करते. विंडम यांच्याच ‘द मिडविच कुकूज’वर (१९५७) आधारलेला ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ हा १९६० चा चित्रपट वुल्फ रिला यांनी हर्टफर्डशायरमधल्या लेचमोर हीथ या गावात चित्रित केला. त्याचा शेवट कादंबरीशी इमान राखतो. गावातल्या बायकांच्या पोटी एकाच वेळी जन्मलेली ती परकी, मन वाचणारी मुले आणि त्यांचा वयोवृद्ध शिक्षक झेलेबी, सगळे एकाच स्फोटात मरतात; स्फोटके स्वतः झेलेबीनेच आणलेली असतात. चित्रपटात मुलांपासून विचार लपवण्यासाठी तो मनात विटांची भिंत उभी करतो आणि मुले ती एकेक वीट करून पाडत जातात. हा पडद्यावरचा अस्सल शोध आहे, मनातली गोष्ट कॅमेऱ्याला दाखवता येत नाही या समजुतीचे खंडन करणारा. इतका दारुण शेवट चित्रपटाला का चालला? कारण त्यात निकाल माणसाच्या हातात आहे. एक मनुष्य ठरवतो, किंमत मोजतो आणि गाव वाचवतो. पडदा मरणाला घाबरत नाही. निष्फळतेला घाबरतो, हे इथे सिद्ध होते.

बदल करणारे हात नेहमी निर्मात्यांचेच असतात असेही नाही. कधी ते सरकारचे असतात. जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन पुस्तकांचे डिसेंबर १९५४ मध्ये जे झाले ते याची साक्ष देते. १२ डिसेंबरला बीबीसीने ‘नाइन्टीन एटी-फोर’चे नाट्यरूपांतर थेट प्रक्षेपित केले. लेखन नायजेल नील यांचे, निर्मिती रुडॉल्फ कार्टियर यांची, विन्स्टन स्मिथच्या भूमिकेत पीटर कुशिंग. छळाची दृश्ये पाहून प्रेक्षक हादरले, संसदेत उलटसुलट ठराव मांडले गेले, तरी १६ डिसेंबरला दुसरा प्रयोग झालाच. विन्स्टन मोडून पडतो हा शेवट तसाच राहिला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘अ‍ॅनिमल फार्म’ हा हॅलस आणि बॅचलर यांचा ब्रिटनमध्ये तयार झालेला चलत्‌चित्रपट पडद्यावर आला. हे पुस्तक विज्ञानकथा नव्हे, पण लेखक तोच आणि प्रश्नही सत्तेचाच. ऑरवेल यांच्या पुस्तकात शेवटी खिडकीतून पाहणाऱ्या प्राण्यांना डुकरे कोणती आणि माणसे कोणती हे ओळखता येत नाही. म्हणजे जुने मालक आणि नवे मालक सारखेच. चित्रपटाच्या शेवटात माणसे वगळली आहेत, फक्त डुकरे दिसतात, आणि बेंजामिन गाढवाच्या मागे प्राणी पुन्हा उठाव करतात. या चित्रपटामागचा पैसा अमेरिकेच्या सीआयएचा होता, हे पुढे उघड झाले. भांडवलदारही डुकरासारखाच दिसतो हा अर्धा आरोप पुसून टाकणे हे शीतयुद्धाच्या प्रचाराला सोयीचे होते. दोन वर्षांनी ‘१९८४’ मोठ्या पडद्यावर आला तेव्हा दोन शेवट चित्रित झाले. एकात नायक-नायिका हुकूमशहाविरुद्ध घोषणा देत गोळ्या झेलतात. ऑरवेल यांच्या पत्नी सोनिया यांना तो चित्रपट अजिबात पटला नाही, आणि ते योग्यच होते. घोषणा देत मरता येत असेल तर ती हुकूमशाही अजून अपुरी आहे. माणसाच्या आतही जागा न उरणे हे ऑरवेल यांचे म्हणणे होते. अमेरिकेतल्या बुक ऑफ द मन्थ क्लबने पुस्तकातला काही भाग आणि नव्या भाषेवरचे परिशिष्ट गाळण्याची अट घातली, तेव्हा मोठ्या रकमेवर पाणी सोडण्याची तयारी ठेवून त्यांनी नकार दिला होता. क्लबने पुढे ती अट सोडली.

आता उलट दिशेचे उदाहरण. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ची (१९६२) रचना तीन भागांत, प्रत्येकी सात प्रकरणांची आहे, एकूण २१, कारण तेव्हा २१ हे वय सज्ञान होण्याचे मानले जाई. शेवटच्या प्रकरणात हिंसेत रमलेला अ‍ॅलेक्स त्या साऱ्याला स्वतःहून कंटाळतो, त्याला घर-संसार हवासा वाटू लागतो. अमेरिकन प्रकाशकाने हे प्रकरण गाळून पुस्तक छापले आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९७१ चा चित्रपट त्या आवृत्तीवर बेतला गेला. इथे शेवट अधिक काळा झाला, मग माझा मुद्दा पडतो का? माझ्या मते पडत नाही. बर्जेस यांचे म्हणणे होते, की सरकारने लादलेले सुधारणे आणि माणसाने स्वतः निवडलेले बदलणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि दुसऱ्या गोष्टीला वेळ आणि वय लागते. हा शेवट कुणालाच विजय देत नाही. ना सरकारला, ना बंडखोराला. चित्रपटाचा शेवट अ‍ॅलेक्सला विजय देतो. तो पुन्हा पूर्वीसारखा होतो आणि प्रेक्षक त्याच्या डोळ्यांतली चमक पाहत बाहेर पडतो. विजय दुष्टाचा असला तरी पडद्याला तो पराभव-विजयापलीकडच्या संथ मोठे होण्यापेक्षा जवळचा वाटला. अमेरिकन वाचकाला पूर्ण पुस्तक मिळायला १९८६ साल उजाडले.

खुद्द वेल्स यांचे काय, असा प्रश्न इथे येतो. १९३६ च्या ‘थिंग्ज टू कम’ची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्यांना एखाद्या लेखकाला क्वचितच मिळतो असा अधिकार दिला. आणि त्यांनीच पडद्यावर काय आणले? महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगाला वैमानिक आणि तंत्रज्ञ सावरतात, आणि शेवटी एक प्रचंड तोफ तरुण जोडप्याला अंतराळात पाठवते. याहून जयघोषाचा शेवट कुठे सापडणार? हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो दाखवतो ते वेगळेच. १९३६ चे वेल्स १८९५ चे नव्हते. मधल्या चाळीस वर्षांत ते जागतिक राज्याचे प्रचारक झाले होते, आणि हा शेवट त्यांच्या त्या काळच्या श्रद्धेचा आहे. तो त्यांनी स्वतः विचार करून लिहिला, कुणी परस्पर बदलला नाही. आणि गंमत अशी, की तोफ सुटल्यावरही चित्रपट संपतो तो एका प्रश्नावर: माणूस विश्वाकडे झेपावणार, की क्षुद्र सुखात संपणार? दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या अखेरच्या पुस्तकात, ते पुन्हा मानवजातीच्या अंताविषयी लिहू लागले. लेखकाला मत बदलण्याचा हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो लेखकाचे मत न बदलता त्याच्या नावावर दुसरे मत खपवण्याला.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये, की मूळ पुस्तकाची ओळनओळ चित्रित करावी. तसा आग्रह कलेला मारक आहे, आणि काही उत्तम चित्रपट स्वैर रूपांतरेच आहेत. पी. डी. जेम्स यांच्या ‘द चिल्ड्रन ऑफ मेन’वरून (१९९२) अल्फॉन्सो क्वारोन यांनी २००६ मध्ये केलेला चित्रपट पाहावा. कादंबरीत वंध्यत्व पुरुषांचे आहे, चित्रपटात स्त्रियांचे. गर्भवती स्त्री वेगळी, साल वेगळे, इंग्लंडचा सर्वसत्ताधीश झान चित्रपटात नाहीच. निर्वासितांच्या छावण्या आणि तुटत चाललेले राज्य हा क्वारोन यांनी स्वतःच्या काळातून वेचलेला भाग आहे आणि तो थरकाप उडवतो. तरीही शेवटात काय गेले ते पाहणे अगत्याचे आहे. कादंबरीत नायक थिओ झानला ठार करतो आणि त्याची राज्याधिकाराची अंगठी स्वतःच्या बोटात घालतो. बाळ जन्मले आहे, आशा आहे, पण ज्याने हुकूमशहा मारला त्याच्या बोटात आता अंगठी आहे. चित्रपटात थिओ बाळाला आणि आईला वाचवून होडीत मरतो. मृत्यूने त्याला निष्कलंक केले. सत्तेचा मोह झेलण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. हा चित्रपट थोर आहे असे मी मानतो, आणि तरीही म्हणतो की त्याने एक कठीण प्रश्न सोडून सोपे बलिदान स्वीकारले.

दोष हॉलिवूडवर ढकलून मोकळे होता येत नाही. ‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि ‘१९८४’ ब्रिटनमध्ये तयार झाले, ‘ट्रिफिड्‌स’चा चित्रपटही ब्रिटिशच होता. ज्या समाजाने हे कठोर शेवट लिहिणारे लेखक घडवले, त्याच समाजाला ते पडद्यावर नकोसे झाले. वाचक एकटा असतो आणि लेखकाशी भांडू शकतो; पडद्यासमोरचा समुदाय एकत्र हादरला तर त्याचे पडसाद संसदेपर्यंत जातात, हे १९५४ ने दाखवून दिले. म्हणूनच त्या डिसेंबरमध्ये दुसरा प्रयोग रद्द न करणाऱ्या बीबीसीचे आणि १९८१ ची मालिका करणाऱ्यांचे मोल मोठे आहे. रूपांतर करणाऱ्याने जागा बदलावी, काळ बदलावा, पात्रे जोडावीत, वगळावीत. पण हात शेवटाला लागला की त्याने स्वतःला एकच विचारावे, की मूळ लेखकाने प्रेक्षकाकडे दाखवलेले बोट मी दुसरीकडे वळवतो आहे का. वोकिंगच्या वाचकाला टास्मानिया आठवायला लावणारी, सुखवस्तू लंडनकराला मॉरलॉकांचा पूर्वज दाखवणारी ही पुस्तके आपल्याच समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे धैर्य शिकवतात. ते धैर्य त्यांच्या अखेरच्या पानांत साठलेले आहे. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिले आहेत, त्यांना या लेखकांचे म्हणणे अजून ऐकायचे आहे, आणि त्यासाठी मूळ पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचण्यावाचून दुसरा मार्ग नाही.